शक्ती मिळाली, पुढं काय?

एका जागी डोळे मिटावेत आणि ते दुसऱ्याच जागी उघडावेत, असं कधी ना कधी प्रत्येकाला वाटतं. 'जंपर' हा २००८ सालचा हॉलिवूडपट याच इच्छेवर बेतलेला आहे. दिग्दर्शक डग लायमन, नायक हेडन ख्रिस्टेन्सन. गोठलेल्या नदीत बुडता बुडता डेव्हिड नावाचा मुलगा एकदम वाचनालयात येऊन पडतो. मनात येईल तिथं आपल्याला क्षणात जाता येतं, हे त्याला कळतं. सुरुवात झकास आहे. पुढं मात्र निराशा पदरी पडते. ती का, हे पाहण्यासारखं आहे.

विज्ञानकथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक न बोललेला करार असतो. लेखकानं एक अशक्य गोष्ट मागावी, वाचकानं ती मान्य करावी. त्यानंतर हिशेब मात्र चोख हवा. एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या १८९७ सालच्या कादंबरीतला अदृश्य माणूस थंडीनं कुडकुडतो, कारण कपडे घातले की ते लोकांना दिसणार. जुन्या गोष्टींतही हेच आहे. अलिबाबाचा भाऊ कासिम गुहेत शिरतो, परवलीचा शब्द विसरतो आणि जिवाला मुकतो.

'जंपर'मध्ये हा हिशेबच नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळं विषुववृत्तावरची जमीन तासाला सुमारे १,६७० किलोमीटर वेगानं सरकते, लंडनची सुमारे १,०४०. विषुववृत्तावरून लंडनला उडी मारणारा समोरच्या भिंतीवर आदळायला हवा. आपला नायक मात्र इजिप्तच्या स्फिंक्सच्या डोक्यावर आरामात बसतो.

विज्ञानातली ही ढिलाई एक वेळ माफ करू. खरी खंत वेगळी आहे. डेव्हिड बँका लुटून चैनीत राहतो. त्याच्या घरी टीव्हीवर पुरात अडकलेल्या माणसांची बातमी लागते. जगात फक्त अशाच माणसाला त्यांच्यापर्यंत सहज पोचता येईल. तो बातमी पाहतो आणि मौज करायला निघून जातो. या क्षणाचा जाब चित्रपट त्याला पुढं कधीच विचारत नाही.

सॅम्युअल जॅक्सननं रंगवलेला पाठलाग करणारा म्हणतो, की सर्वत्र असण्याची शक्ती फक्त देवाचीच असावी. इथं मोठा वाद उभा राहू शकला असता. पण त्याची जागा मारामारी घेते.

ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला, ती स्टीव्हन गूल्डची १९९२ सालची 'जंपर'. तिच्यात हे पाठलाग करणारे पंथवाले नाहीतच. मारकुट्या बापापासून पळालेला तो पोरगा आपली शक्ती पारखून पाहतो आणि अपहरण झालेल्या विमानांतल्या माणसांपर्यंत पोचतो. चुकतोही, पण स्वतःला प्रश्न विचारतो. चित्रपटानं उडी तेवढी उचलली, तो प्रश्न मात्र मागंच ठेवला.