कोळ्याचे जाळे आणि कंपनांची जाण

चक्राकार जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची दृष्टी अधू असते, म्हणून जाळ्याच्या मध्यभागी डोके खाली करून बसलेली मादी आपले पाय मध्यापासून कडेपर्यंत ताणलेल्या अरीय धाग्यांवर टेकवून ठेवते आणि भोवतालची बरीचशी खबर त्यांच्या कंपनांतूनच मिळवते. भक्ष्य अडकते ते वळशावळशाने गुंफलेल्या चिकट, लवचीक धाग्यात. अरीय धागे मात्र कोरडे व ताठ असल्यामुळे त्यांच्या लांबीच्या दिशेने होणारे कंपन फारसे क्षीण न होता मध्यापर्यंत पोहोचते. ते टिपण्यासाठी पायांच्या कवचात अतिसूक्ष्म फटी असतात, ज्या पायावर ताण पडताच किंचित दबतात आणि त्यांना जोडलेले चेतातंतू उद्दीपित होतात. पायाच्या टोकाकडील सांध्याजवळ अशा फटी एकमेकींना समांतर, दाटीने असतात. या समूहाला लायरिफॉर्म इंद्रिय म्हणतात.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉइज यांनी १८८० मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केलेले छोटे टिपण आजही मोलाचे वाटते, कारण त्यात कोळ्याची हालचाल क्रमाने नोंदलेली आहे. कंप पावणारा नादकाटा जाळ्याला किंवा त्याच्या आधाराला टेकवला, की मध्यभागी बसलेला कोळी झटकन त्या दिशेला वळे, कंपन कोणत्या धाग्यातून येते ते पुढच्या पायांनी चाचपून पाही आणि खात्री पटल्यावरच काट्याकडे धाव घेई. तोच काटा जाळ्याला न लावता हवेतून हळूहळू जवळ आणला, तर निवांत बसलेला कोळी धाग्याला लोंबकळत खाली उतरे. मात्र त्या स्थितीतही काटा जाळ्याला टेकताच तो वर चढून येई. हवेतून येणारा नाद बहुधा धोक्याचा आणि धाग्यातून येणारा अन्नाचा, असा भेद यामागे दिसतो.

अडकलेला कीटक निपचित पडला, तर कंपनही थांबते. अशा वेळी कोळी पुढच्या पायांनी अरीय धाग्यांना हिसके देतो आणि ज्या धाग्यावर जास्तीचा भार असेल त्याच्या वेगळ्या प्रतिसादावरून भक्ष्याची जागा शोधतो. जाळ्याला केवळ सापळा मानणाऱ्या वर्णनांत ही चाचपणी हमखास निसटते, वास्तविक तीच या प्रक्रियेतील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

या मार्गाचा उपयोग इतरही करतात. काही जातींचे नर मादीच्या जाळ्याला स्वतःचा धागा जोडून तो ठरावीक लयीत छेडतात, तर पोर्शिया हा उड्या मारणारा कोळी दुसऱ्याच्या जाळ्यावर येऊन नाना तऱ्हेची कंपने निर्माण करतो आणि यजमान ज्या कंपनाला प्रतिसाद देईल तेच पुन्हा पुन्हा करत त्याला आपल्या टप्प्यात आणतो.