तेलाचा थेंब आणि मे महिन्याचे ऊन

मुलुंडच्या आमच्या घरात गेल्या मे महिन्यात एका बाटलीवरून सासू-सुनेत चांगलीच जुंपली. नातवाचे क्रिकेटचे शिबिर सकाळी दहा ते एक. सूनबाईने त्याच्यासाठी सनस्क्रीन आणले. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘वनस्पती तेलांचे नॅनोइमल्शन’ असे छापलेले. आमच्या सौ. म्हणाल्या, “आत तेलच ना? मग घरातले खोबरेल काय वाईट आहे?” त्यावर सूनबाई म्हणाली, “आई, माझ्या गालावरचे हे वांग बघा. मीही खोबरेल लावूनच कॉलेजला जायचे.” आणि प्रकरण निवाड्यासाठी माझ्याकडे आले.

आधी उन्हाचे बघू. मुंबई साधारण १९ अक्षांशावर. वर्षातून दोनदा, १५ मेच्या आणि जुलैच्या अखेरीच्या सुमारास, भर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि मैदानातल्या स्टंपांची सावली नाहीशी होते. म्हणजे मुलांना सुट्टी लागते नेमकी ऊन सर्वांत उभे असते तेव्हा. या उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार कातडीच्या पेशीतल्या डीएनएवर घाव घालतो. त्याच्या साखळीतले शेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात. पेशी रोज डागडुजी करते, पण सगळीच साधते असे नाही. दुसरा प्रकार अधिक खोल जातो आणि कातडी लवकर सुरकुततो. आपला सावळा रंग पुष्कळ सांभाळून घेतो, तरी वांग, काळवंडणे यांतून सुटका नाही.

आता खोबरेल. रायपूरच्या विद्यापीठात २०१० साली घरगुती तेलांची चाचणी झाली. त्यात खोबरेलाचा एसपीएफ सातच्या आसपास, एरंडेलाचा सहाच्या आत आणि तिळाच्या तेलाचा जेमतेम पावणेदोन आला. सात म्हणजे सातातला एकच भाग किरण आत येणार, असे वाटून सौ. खूश झाल्या. परंतु हे आकडे तेल मद्यार्कात विरघळवून यंत्रावर काढलेले. घामेजलेल्या मानेवर ते तसेच मिळतील असे नाही. शिवाय खोबरेल बहुतांशी ज्या स्निग्धाम्लांचे बनलेले असते, ती अतिनील किरण फारसे अडवतच नाहीत.

मग नॅनोइमल्शनमध्ये वेगळे काय? दूध आठवा. दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे बारीक थेंब. त्यांच्यावर उजेड विखुरतो म्हणून ते पांढरे दिसते. हेच थेंब प्रचंड दाबाने किंवा ध्वनिलहरींनी फोडत फोडत वीस ते दोनशे नॅनोमीटरपर्यंत आणले, की द्रव निळसर, कधी तर जवळजवळ पारदर्शक होतो. शंभर नॅनोमीटरचे सात-आठशे थेंब ओळीने मांडले तर एका केसाची जाडी भरेल! असे तेल चिकटत नाही, सारखे पसरते आणि सोबत तेलात विरघळणारी औषधी द्रव्येही नेते. संरक्षण कितपत मिळेल ते मात्र या सोबतच्या द्रव्यांवर ठरते.

आणि अशी द्रव्ये आपल्या दारात आहेत. उपनगरांतल्या रस्त्यांच्या कडेला उभे असलेले करंज घ्या. ज्याच्या फुलांचा सडा आपण झाडून टाकतो, त्याच्या बियांच्या तेलातली पोंगामॉल आणि करंजिन ही द्रव्ये अतिनील किरण शोषून घेतात. सोलापूरकरांचे लाडके डाळिंबही यात आहे. ब्राझील आणि बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१५ साली डाळिंबाच्या बियांच्या तेलाच्या नॅनोइमल्शनमध्ये त्याच्याच सालीचा अर्क घातला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या त्वचापेशींना अतिनील किरणांमुळे होणारी डीएनएची इजा त्याने रोखली. आपण जी साल केराच्या डब्यात टाकतो, ती! अर्थात बशीतल्या पेशी घामाने निथळत नाहीत, टॉवेलने तोंड पुसत नाहीत आणि डाइव्ह मारून मातीतही लोळत नाहीत. तेवढे अंतर अजून कापायचे आहे.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे ठळक अक्षरांच्या आधी बारीक अक्षरे वाचायची मला खोड आहे. मी भिंग घेऊन ती बाटली चारी बाजूंनी वाचली. बदाम, तीळ, गाजराचे बी, सगळे होते. एसपीएफचा आकडा कुठेच नव्हता. सूनबाईचा चेहरा उतरला, पण सौ.नाही जिंकल्याचे समाधान मी मिळू दिले नाही.

शेवटी एसपीएफ ३० छापलेली साधीच बाटली आली. तीही दोन बोटांनी टिकली लावल्यासारखी लावून भागत नाही. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावतात. आपण निम्मेही लावत नाही. खोबरेल सौ. रात्री लावतात, आणि कोरड्या पडलेल्या कातडीला ते चांगलेच आहे. शिबिराची वेळ सात ते दहा करता येईल का, असे मी सरांना विचारून पाहिले. त्या वेळात मैदान दुसऱ्यांना दिलेले असते म्हणे. तेव्हा नातू पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दहालाच जातो, आणि टोपी रोज मैदानावर विसरून येतो.