तिसऱ्या हेन्रीची सोन्याची पेनी

सप्टेंबर 2021 मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, हेमयॉक गावाजवळच्या शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला सोन्याचे एक नाणे सापडले. वजन जेमतेम तीन ग्रॅम. जानेवारी 2022 मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला आणि बोली 5 लाख 40 हजार पौंडांवर थांबली! साडेसातशे वर्षे ओल्या मातीत राहूनही ते गंजले नव्हते, कारण हवा-पाण्याचा सोन्यावर परिणाम होत नाही. पण ही किंमत सोन्याची नव्हे, दुर्मिळतेची. अशी आठच नाणी आज ठाऊक आहेत.

मग बाकीची गेली कुठे?

राजा तिसरा हेन्री याने 1257 मध्ये ही नाणी पाडली. तोवर इंग्लंडचा सारा व्यवहार चांदीच्या पेनीत चाले. नाणे पाडण्याची रीत साधीच. एक ठसा ठोकळ्यात घट्ट रोवायचा, त्यावर सोन्याची चकती ठेवायची, दुसरा ठसा वर धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. चकतीला कडेने अडवणारे काही नसते. त्यामुळे धातू वाट फुटेल तिकडे पसरतो आणि नाणे पुरते गोल होत नाही. आपली शिवराई ज्यांनी हातात घेऊन पाहिली आहे त्यांना हे सांगायला नकोच. मात्र शुद्ध सोने मऊ, म्हणून छाप सुरेख उठतो. एका बाजूस सिंहासनावर बसलेला राजा, दुसऱ्या बाजूस लांब क्रूस आणि त्याच्या कोनांत गुलाबाची फुले.

खरी गोम हिशेबात आहे. सोन्याच्या पेनीचे वजन चांदीच्या दोन पेनींइतके आणि किंमत ठरवली 20 पेनी. म्हणजे सोने चांदीच्या दहापट. लंडनच्या नागरिकांनी त्याच वर्षी राजाकडे कुरकूर केली, की पुष्कळ गरिबांची सारी चीजवस्तू विकली तरी तिची किंमत या एका नाण्याएवढी व्हायची नाही! पुढे सोन्याचा भाव चढला. सुमारे 1265 साली याच नाण्याची किंमत 24 पेनी धरावी लागली. विचार करा, 20 पेनींना मिळालेल्या नाण्यातले सोनेच जर 24 पेनींचे असेल, तर ते खर्चील कोण? नाणी मुशीत गेली.

आता असे नाणे खरे की खोटे, हे न कापता कसे ओळखाल? सोन्याची घनता 19.3. तेव्हा 2.9 ग्रॅमचे नाणे दोऱ्याला बांधून पाण्यात तोलले, तर वजन 0.15 ग्रॅमने घटेल. मुलामा दिलेली चांदी असेल (घनता 10.5), तर घट 0.28 ग्रॅम. शाळेतल्या तराजूवर हा फरक कळणे अवघड. सोनाराचा नाजूक काटा हवा. टंगस्टनची घनता मात्र जवळजवळ सोन्याइतकीच आहे, म्हणून तिथे ही परीक्षा फसते आणि क्ष-किरणांची मदत घ्यावी लागते.