ज्ञानपंचमी आणि कपाटातील सीडी

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी जैन कुटुंबात दोन कामे एकाच दिवशी येतात. दुकानात लाभपंचमीचा मुहूर्त साधून दिवाळीनंतरच्या व्यवहाराचा आरंभ होतो आणि घरी, स्थानकात किंवा उपाश्रयात ज्ञानाची आराधना होते. ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, कसर-वाळवी लागली आहे का ते पाहायचे, बासने बदलायची, हा या दिवसाचा व्यावहारिक भाग. पावसाळ्याची ओल पूर्ण उतरल्यानंतर येणारी ही तिथी पूर्वजांनी विचारपूर्वक निवडली असावी, असे मानण्यास जागा आहे. दिगंबर परंपरेत हीच आराधना ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीस होते.

रावेरसारख्या गावातील घरांत आज त्याच कपाटात आणखी एक वस्तू निघते. लग्नाच्या अल्बमशेजारी पडलेली सीडी. तिच्यावर चातुर्मासातील प्रवचनांचे पुस्तक असते, संघाची स्मरणिका असते, नाहीतर आजोबांनी जुळवलेली घराण्याची हकिगत असते. छापील प्रती वाटून संपलेल्या. फाइल मात्र उघडत नाही, किंवा उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन बुजबुजाट दिसतो. आणि ज्यांना ते पुस्तक खरोखर हवे आहे, त्या दादाजींची दृष्टी आता अधू झालेली असते. मुले केळीच्या गाड्या भरण्यात गुंतलेली, नातवंडे पुणे-सुरतेला. दुपारच्या सामायिकात वाचून दाखवणारे घरात कोणी नाही. कान मात्र शाबूत आहेत. अशा वेळी या जुन्या फाइलचे श्राव्य पुस्तक करता येईल का, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. एका माणसाचा स्वाध्याय त्यावर अवलंबून असतो.

उत्तर होकारार्थी आहे. परंतु प्रथम फाइल कोणत्या जातीची आहे ते ओळखावे लागते. टॅलीची आवृत्ती बदलताना जुना डेटा नव्या आवृत्तीत आणावा लागतो, हा अनुभव बहुतेक पेढ्यांना आहे. पुस्तकांचेही तसेच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2000 मध्ये ‘रीडर’ नावाची वाचनप्रणाली आणली. तिची पुस्तके ‘लिट’ या प्रकारच्या फाइलमध्ये असत. 2012 मध्ये कंपनीने ती बंद केली आणि त्या फाइली पोरक्या झाल्या. ‘मोबी’ हा प्रकारही आता मागे पडला आहे. अशा फाइलींसाठी कॅलिबर नावाची विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. कोविद गोयल या भारतीय संगणकतज्ज्ञाने 2006 मध्ये सुरू केलेले हे काम आज जगभर वापरले जाते. लिट किंवा मोबी फाइल तिच्यात घातली की ती ‘ईपब’ या सध्या चालणाऱ्या प्रकारात बदलून मिळते आणि मग मोबाइल ती वाचून दाखवू शकतो. मात्र प्रकाशकाने कुलूप लावलेली फाइल तिच्याने उघडत नाही.

मराठी-हिंदी जैन साहित्याची अडचण मात्र निराळी आहे आणि खरी मेहनत तेथेच आहे. आपली बहुतेक पुस्तके पेजमेकरवर, श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये जुळवली गेली. भारतीय लिप्यांसह युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली होती, पण छापखान्यांनी जुने फॉन्ट पुढे बराच काळ सोडले नाहीत. या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, परंतु संगणकाच्या पोटात रोमन अक्षरेच असतात. कृतिदेवमध्ये जुळवलेला ‘राम’ हा शब्द संगणकाच्या लेखी जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतो. यंत्राला वाचायला सांगितले तर ते ‘जे के ई’ असेच म्हणणार! दोष यंत्राचा नाही. त्याच्या वहीत तेवढीच नोंद आहे.

म्हणून अशी फाइल आधी युनिकोडमध्ये आणावी लागते. त्यासाठीची परिवर्तके इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असल्याने परिवर्तक त्याच फॉन्टचे हवे, हे पहिले पथ्य. दुसरे पथ्य तपासणीचे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट. ही उलटापालट परिवर्तक करतो, पण जोडाक्षर आले की कधी चुकतो. आणि आपल्या साहित्यात रफारांची गर्दी किती! कर्म, धर्म, निर्जरा, तीर्थंकर, सर्वज्ञ. पानोपानी चूक संभवते.

पाने छायाचित्रासारखी टिपलेली पीडीएफ असेल तर आणखी एक पायरी वाढते. उत्तर अमेरिकेतील ‘जैना’ या महासंघाच्या शिक्षण समितीने उभारलेल्या जैन ई-लायब्ररीत अशी असंख्य पुस्तके घरबसल्या मिळतात. तेथील छायाचित्ररूप पानांतून अक्षरे ओळखून काढावी लागतात. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो.

मजकूर एकदा शुद्ध झाला की आवाज मिळवणे सोपे आहे. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत आणि ते कानाला फारसे कृत्रिम वाटत नाहीत. दोनशे पानांचे, सुमारे पन्नास हजार शब्दांचे पुस्तक मध्यम गतीने साडेपाच तासांचे होते. 64 केबीपीएस दर्जाच्या एमपी3 फाइलमध्ये ते साधारण 160 एमबी जागा घेते. स्वस्तातल्या पेनड्राइव्हवरही अशी वीस-पंचवीस पुस्तके सहज मावतील.

इंटरनेटवर फाइल टाकली की लगेच आवाज तयार करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. सीडीवरील फाइल जशीच्या तशी त्यांच्या हवाली करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. फाइल परक्या संगणकावर जाते, तिचे पुढे काय होते ते कळत नाही. घराण्याच्या हकिगतीत जमिनी, वाटण्या, नातेसंबंध यांची नोंद असते. चोपडी परक्याच्या हाती न देणाऱ्या घराने तीही देऊ नये. शक्य ते काम आपल्याच संगणकावर करावे. कायद्याचेही भान हवे. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे स्वामित्वहक्क चालतो. दृष्टिबाधितांसाठी श्राव्य प्रत करण्यास 2012 च्या दुरुस्तीने सवलत दिली आहे. पण म्हणून तीच प्रत संघाच्या सर्व गटांवर पाठवावी असा तिचा अर्थ नव्हे. ज्यांचा हक्क आहे त्या प्रकाशन संस्थेची परवानगी एका पत्राने मागता येते.

यंत्राच्या वाचनाबाबत श्रावकाच्या मनात आणखी एक शंका येते, आणि ती रास्त आहे. मराठीत ‘राम’ हा शब्द लिहिताना अकारान्त असतो, उच्चारात ‘राम्’ होतो. यंत्र हाच नियम प्राकृत गाथेलाही लावते. गाथेतील ‘अ’ पूर्ण उच्चारायचा असतो; तो गिळला की मात्रा कमी पडते आणि छंद मोडतो. प्रतिक्रमणात ज्ञानाचे जे चौदा अतिचार आपण आलोचतो, त्यांत अक्षर गाळणे, अक्षर वाढवणे, पद गाळणे, घोष चुकवणे हेच दोष सांगितलेले आहेत. शेकडो वर्षे आगम मुखोद्गत होते. वीरनिर्वाणानंतर 980 व्या, मतांतराने 993 व्या वर्षी वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते पुस्तकारूढ झाले. त्याआधीच्या काळात ही शुद्धी केवळ जिभेने आणि कानाने सांभाळली गेली. खान्देशाला हा प्रवास परका नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. मुखातून आलेली त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली म्हणून 1952 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली.

तेव्हा मूळ गाथा यंत्राकडे देऊच नये. विवेचनाचा, चरित्राचा, कथेचा मराठी किंवा हिंदी भाग यंत्राने वाचावा; गाथा घरातील जाणकाराने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मध्ये जोडाव्यात. जोडणीसाठी ऑडॅसिटी ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. शुद्ध केलेला युनिकोड मजकूरही निराळा जपून ठेवावा, कारण एमपी3 उद्या जुनी झाली तरी त्या मजकुरातून पुन्हा आवाज काढता येईल. सीडीची एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे असावी.

उरते ती श्राव्य प्रतीची तपासणी. तिच्यासाठी दादाजींहून योग्य माणूस घरात नसतो. पुण्यातील नातवाने एकेक प्रकरण तयार करून व्हॉट्सअॅपवर रावेरला पाठवावे, दादाजींनी दुपारी ते ऐकावे. ज्यांनी तरुणपणी ते पुस्तक चार वेळा वाचले आहे, त्यांचा कान चुकलेल्या रफाराशी बरोबर अडतो. मग संध्याकाळी फोन लावून त्यांनी सांगावे, की अमुक ठिकाणी अक्षर गळले आहे, दुरुस्त करून पुन्हा पाठव.