जिवाणूंची गणपूर्ती आणि पटकीचे विष

धार व देवास या माळव्यातील पवारांच्या संस्थानांत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा नांदल्या. मराठी घरातील पटकी आणि उर्दू घरातील हैजा हा एकच रोग होय. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात अशा रोगाची एतद्देशीय व अरबी अशी दोन्ही नावे नोंदविली आहेत. रोगाची ओळख इतकी जुनी असली, तरी त्याचा जंतू विष केव्हा तयार करतो, हे अलीकडेच उलगडले.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात या रोगाचा संबंध स्वल्पविरामाच्या आकाराच्या जंतूशी जोडला. पुढे १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी त्याच शहरात जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला. जंतू नसतानाही आतड्यात पाणी साचले. याचा अर्थ, अपाय करते ते जंतूने बाहेर टाकलेले विष. या विषामुळे आतड्याच्या पेशींतून क्षार सतत बाहेर पडतात आणि त्यांच्यामागोमाग शरीरातील पाणी वाहून जाते.

हे विष जंतू सदासर्वकाळ तयार करीत नाही. प्रत्येक जंतू काही सूक्ष्म रासायनिक रेणू बाहेर सोडतो. जंतूंची संख्या वाढली की या रेणूंचे प्रमाण वाढते आणि त्यावरून आपण किती आहोत याचा अंदाज जंतूंना येतो. सभेच्या गणपूर्तीवरून या क्रियेला 'कोरम सेन्सिंग' असे नाव पडले. अनेक रोगजंतू गणपूर्ती झाल्यावरच हल्ला करतात. पटकीच्या जंतूची रीत मात्र उलटी आहे, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. संख्या थोडी असताना तो आतड्याला चिकटतो व विष तयार करतो. संख्या वाढताच हॅप-आर नावाचे प्रथिन विषाची जनुके थांबविते आणि जंतू सुटून जुलाबाबरोबर बाहेर पडतो. अशा रीतीने जुलाब हेच त्याचे पुढच्या माणसापर्यंत जाण्याचे वाहन ठरते.

या संदेशात ढवळाढवळ करून रोग टाळता येईल काय, याचेही प्रयोग झाले आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हाच संदेश देणारे निरुपद्रवी जिवाणू उंदरांच्या पिलांना आधी पाजले, तेव्हा त्यांपैकी बरीच पिले वाचली. मात्र माणसांसाठी असा उपचार अद्याप रूढ झालेला नाही.

तोवर साधा उपायच मोलाचा आहे. विष आतड्यात काम करीत असतानाही साखर व मीठ एकत्र शोषून घेण्याची आतड्याची शक्ती शाबूत असते आणि त्यांच्याबरोबर पाणीही आत ओढले जाते. याच आधारावर १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. जुलाब होत असताना पाणी बंद करावे, ही समजूत म्हणूनच घातक आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात माहीत असावयास हवे. जुलाब जोराचे असल्यास हे पाणी पाजत रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

१९९० च्या दशकात देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते. जेथे पाणी इतके दुर्मिळ, तेथे ते शुद्ध राखणे अधिकच निकडीचे ठरते. जंतू एकमेकांशी काय बोलतात हे विद्यार्थ्यांना शिकविताना, त्यांचा पुढचा प्रवास दूषित पाण्यातूनच होतो, हेही अध्यापकांनी आवर्जून सांगावे.