तडा गेलेल्या इंजिनाला इपॉक्सीचा आधार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगड जिल्ह्यात झाडे मुळासकट उपटली, वाड्यांतल्या नारळी-पोफळी मोडल्या, रस्ते अडले. ते मोकळे करताना चेनसॉची किंमत सगळ्यांनाच कळली. पेण-रोह्याच्या पट्ट्यात अशी छोटी इंजिने एरवीही राबत असतात. चिखलणीला पॉवर टिलर, बांधावरच्या गवताला ब्रश कटर, पाणी उपसायला पेट्रोल पंप. आणि यंत्र मोडते ते नेमके हंगामात. कव्हर फुटते, टाकी पाझरते, कास्टिंगला तडा जातो. सुटा भाग मागवेपर्यंत दिवस जातात, पाऊस काही थांबत नाही. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानातून इपॉक्सीच्या दोन ट्यूब येतात, एक रेझिनची आणि एक हार्डनरची.

या दोन ट्यूबमध्ये रसायनशास्त्राचे एक मोठे आश्चर्य भरलेले आहे. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची त्रिकोणी कडी असते. ही कडी ताणलेली असते, सुटायला टपलेली. हार्डनरमधला अमाइन हा घटक तिला गाठतो, कडी उघडते आणि दोघांत पक्का बंध तयार होतो. असे असंख्य बंध चहूबाजूंनी जुळत गेले की मधासारखा वाहणारा द्रव कठीण घन होतो. फेव्हिकॉल पाणी उडून वाळतो, इपॉक्सी मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होते, म्हणून ती फारशी आक्रसत नाही. एकदा घट्ट झाली की तापवूनही पुन्हा वितळत नाही.

स्वित्झर्लंडचे पियरे कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वतंत्रपणे या रेझिनवर काम केले. कास्तां यांच्यासमोर तेव्हा कृत्रिम दातांचा प्रश्न होता. १९४६ मध्ये स्विस कंपनी सिबाने अ‍ॅराल्डाइट बाजारात आणले आणि धातूला धातू चिकटवण्याचे साधन सामान्य कारागिराच्या हाती आले. आपल्याकडे अ‍ॅराल्डाइट आणि पुट्टीसारखे मळायचे एम-सील ही दोन्ही नावे घरोघरी ठाऊक आहेत.

इंजिनावर इपॉक्सी वापरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. इथे उष्णता किती? इथे पेट्रोल लागते का? इथे जोर किती येतो?

उष्णतेचा प्रश्न पहिला. खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या बऱ्याच साध्या इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतात. पाच मिनिटांत धरणारे प्रकार तर उष्णतेला आणखी कच्चे. पोलादाची भुकटी मिसळलेल्या इपॉक्सी जास्त तग धरतात, पण पाकिटावर छापलेली मर्यादा सतत वापराची आहे की थोड्या वेळाची, हे वाचून घ्यावे. सायलेन्सर आणि सिलिंडर हेडजवळ कोणत्याही ट्यूबवर भरवसा ठेवू नये. शिवाय अ‍ॅल्युमिनियम आणि इपॉक्सी तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. इंजिन रोज तापते आणि निवते, त्या ओढाताणीत जोड सुटतो.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते अनेक चिकट पदार्थांना हळूहळू फुगवते. टाकीला हात लावण्याआधी ती उलटी करून तळाशी कोरलेली खूण पाहावी. ‘पीए६’ असे असेल तर तो नायलॉन, त्याला इपॉक्सी बरी धरते. त्रिकोणात २ किंवा ५ असेल, किंवा टाकी दुधी रंगाची आणि नखाला मेणासारखी लागत असेल, तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन. त्यावर इपॉक्सी सालीसारखी निघून येते. तिथे नवी टाकीच हवी.

तिसरा प्रश्न जोराचा. स्टार्टरचे कव्हर, हवेच्या फिल्टरचे झाकण, घासून मोठे झालेले स्क्रूचे छिद्र, ही इपॉक्सीची हक्काची कामे. चेनसॉचे इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला १२ हजारांच्या पुढे फेरे घेते. त्यामुळे फ्लायव्हील, क्लच, चेन ब्रेक, बार किंवा बेअरिंगची बैठक यांवर इपॉक्सी लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. स्पार्क प्लगचे आटे गेले असतील तर धातूचा इन्सर्ट बसवून घ्यावा.

क्रँककेसचा तडा वेगळा विचार मागतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जाते. तिथे केसाएवढी फट असली तरी जास्तीची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, पिस्टनला तेल कमी पडते आणि इंजिन जाम होते. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या डागडुजीने पुढे महागडा पिस्टन जातो, तो असा. बेअरिंगपासून दूर असलेला लहान तडा बुजवता येतो, पण नंतर हवेच्या दाबाने गळती तपासल्याखेरीज मशीन चालू करू नये.

कामाचा बहुतेक भाग ट्यूब उघडण्याआधीच होतो. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडावे, म्हणजे तो पुढे पळत नाही. तडा इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात रुंद करावा. जुन्या कास्टिंगने तेल शोषलेले असते. भाग सुटा करून, पेट्रोलपासून लांब नेऊन गरम केला की तेल पृष्ठभागावर येते, ते पुसून काढावे. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी घालवावी आणि ॲसिटोनने पुसावे. आता त्यावर पाण्याचे थेंब टाकावेत. पाणी मण्यांसारखे गोळा झाले तर तेल अजून आहे. सलग पसरले तर धातू स्वच्छ झाला. भाग पूर्ण कोरडा करून मगच इपॉक्सी लावावी.

दोन्ही घटक पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. हार्डनर जास्त घातला की लवकर पक्की होते, हा गैरसमज आहे. जादा हार्डनरला बांधून घ्यायला रेझिनच उरत नाही आणि जोड कच्चा राहतो. रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मिसळावे. हाताला घट्ट लागली म्हणजे ताकद आली असे नाही. सावकाश धरणाऱ्या प्रकाराला किमान पूर्ण एक दिवस द्यावा.

कोकणात पावसाळ्याचे वेगळे पथ्य आहे. दमट हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइनशी जुळतात आणि वर तेलकट, चिकट थर येतो. त्यावर दुसरा हात दिला तर तो धरत नाही. हा थर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून आणि घासून काढावा लागतो. आषाढ-श्रावणात काम बंद खोलीत, बल्बच्या उबेत केलेले बरे.

हातमोजे घालावेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. अनेक चेनसॉचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. त्याची कानशीने निघालेली चुरी पेट घेते, म्हणून ती साठू देऊ नये आणि जवळ ठिणगी नको.

झाकणे, कव्हरे आणि थंड जागचे तडे इपॉक्सीने खुशाल दुरुस्त करा. तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या भागांसाठी मात्र नवा सुटा भाग मागवा, मग त्यासाठी मशीन चार दिवस बंद राहिले तरी चालेल.