सह्याद्रीवरची रात्र आणि वैमानिकाची नजर

रात्री माणसाचा डोळा दिवसापेक्षा वेगळ्या पेशींनी पाहतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी दाटलेल्या शंकू पेशी रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारातले काम कडेच्या दंड पेशींचे. अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना साधारण अर्धा तास लागतो आणि डोळ्यांवर प्रखर दिवा पडला की तो सराव मोडतो. अगदी मध्यबिंदूवर दंड पेशी नसतातच. त्यामुळे अंधुक वस्तूकडे रोखून पाहिले की तीच दिसेनाशी होते. म्हणून वैमानिकाला वस्तूच्या किंचित बाजूला पाहण्याची आणि नजर सतत फिरती ठेवण्याची सवय लावतात.

ही नजर कुठे कुठे फसते, हे समजून घ्यायला सातारा-सांगलीचा प्रदेश फार उपयोगी आहे. पश्चिमेला कोयनेचे जंगल आणि शिवसागर जलाशयाचे काळे पाणी, मध्ये वांकुसावडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, पूर्वेला कृष्णाकाठची उजळलेली गावे आणि त्यापलीकडे जत-आटपाडीचा विरळ वस्तीचा माळ. जंगलातल्या एकुलत्या वस्तीचा दिवा काही सेकंद एकटक पाहिला, तर तो स्थिर असूनही सरकू लागतो. पसरणी घाटासारख्या चढावरची वाहनांच्या दिव्यांची तिरकी रांग क्षितिज वाटते आणि वैमानिक नकळत हेलिकॉप्टर तिच्या बाजूला कलवतो. जतच्या माळावरचे तुरळक दिवे चांदण्यांत मिसळून जातात. जमीन कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झाले, ते कळत नाही.

सर्वांत घातक भ्रम काळोख्या जागी उतरताना होतो. पुढे फक्त हेलिपॅडचे दिवे आणि सभोवती काहीच नसेल, तर आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असे वाटते. मग वैमानिक खाली खाली येतो आणि हेलिपॅडच्या अलीकडेच जमीन गाठतो. पाण्यावरही उंचीचा अंदाज असाच चुकतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा शेते, रस्ते, बांध सगळे एकाच पाण्याखाली गेले. अशा पाण्यावर हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवले की पंख्याच्या वाऱ्याने लाटा बाहेर पळतात आणि यंत्र जागेवर असूनही सरकते आहे असे भासते.

यावरचा उपाय म्हणून शिरस्त्राणाला नाइट व्हिजन गॉगल बसवतात. चंद्रताऱ्यांचा क्षीण उजेड आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भिंगातून फोटोकॅथोडवर पडतात. तिथे प्रकाशकणांमुळे इलेक्ट्रॉन सुटतात, लाखो सूक्ष्म नलिकांच्या चकतीतून जाताना त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि शेवटी फॉस्फरच्या पडद्यावर हिरवट चित्र उमटते. या गॉगलचे हृदय असलेल्या प्रकाशवर्धक नळ्या पुण्यात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हाइसेस या उपकंपनीत तयार होत आल्या आहेत.

गॉगलमधून कृष्णाकाठ निराळाच दिसतो. हिरवे पान अवरक्त किरण जोरात परावर्तित करते, त्यामुळे उसाचे फड उजळ दिसतात आणि शेजारची नांगरलेली काळी जमीन गडद. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच काळी असतात. पण या लाभाची किंमत मोठी आहे. दोन्ही डोळ्यांनी मिळून सुमारे २०० अंश दिसणारे जग ४० अंशांवर येते. रंग जातात, खोलीचा अंदाज कमी होतो, मानेवर वजन येते. चंद्र मावळतीला कलला की डोंगरकड्यांच्या सावलीतल्या दऱ्या चित्रातून पुसल्या जातात. विजेच्या तारा तर जवळपास दिसतच नाहीत. मनोरे ओळखून त्यांच्या दरम्यान तार आहेच असे धरून चालावे लागते.

पवनचक्क्यांच्या लाल इशारा-दिव्यांचा प्रश्न याहून विचित्र आहे. जुन्या तारेच्या दिव्यातून अवरक्त किरणही बाहेर पडतात, म्हणून तो गॉगलमध्ये झगझगीत दिसतो. लाल एलईडी मात्र अरुंद पट्ट्यातलाच प्रकाश देतो. कॉकपिटमधल्या दिव्यांनी चित्र बिघडू नये म्हणून गॉगलला जी गाळणी असते, ती हा पट्टाही अडवू शकते. मग नुसत्या डोळ्यांना लख्ख दिसणारा दिवा गॉगलमध्ये नाहीसा होतो. म्हणूनच गॉगलखालून नुसत्या डोळ्यांनी पाहत राहणे हा नियमच आहे.

ढगापुढे मात्र गॉगल हतबल ठरतो. २०२१च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथे दरडी कोसळल्यावर मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर दिवसाढवळ्या कोयनानगरला उतरू शकले नाही. खराब हवामानामुळे ते पुण्याला परतले. रात्री धोका वाढतो, कारण विरळ धुक्यातून गॉगल पार पाहू शकतो आणि ते दाट होत चालल्याचे वैमानिकाला उशिरा कळते. दिव्यांभोवतीची वलये मोठी होणे, चित्रात वाळूसारखे कण वाढणे, चांदण्या विझणे या खुणा दिसताच त्याने उपकरणांवर नजर आणून सुरक्षित उंची गाठायची किंवा मागे फिरायचे असते.